गाठोडे सोडण्याआधी

समजा, जव्हार तालुक्यातील साखरशेत या गावी नववीत शिकणारा एक मुलगा आहे. त्याच्या घरी थोरल्या भावाचा एक जुना फोन आहे. दादा कामासाठी भिवंडीला गेला, त्याने नवा फोन घेतला आणि जुना घरी ठेवला. फोनमध्ये ३०० मेगाबाइट जागा फोटोंनी व्यापली आहे. गेल्या वर्षी वारलेल्या आजीचे फोटो त्यांतच आहेत आणि ते दुसरीकडे कोठेही नाहीत.

या मुलाला फोनवरील एम्युलेटरमध्ये चकतीवरचा एक जुन्या धर्तीचा खेळ खेळायचा आहे. तो ज्याने तयार केला त्यानेच तो सर्वांना विनामूल्य दिला आहे. फाइल झिप प्रकारची असून ४०० मेगाबाइटची आहे. फोनमध्ये ५०० मेगाबाइट जागा मोकळी आहे. मुलाने गावाबाहेरच्या टेकाडावर, जेथे बरी रेंज येते तेथे बसून, ती फाइल उतरवून घेतली. घरी येऊन ती उलगडायला गेला, तर फोन म्हणतो, ‘जागा अपुरी आहे.’ आता त्याच्या मनात आले, की फोटो पुसून टाकावेत, म्हणजे जागा होईल. किंवा फोटोंचीही झिप करावी, म्हणजे ते लहान होतील.

त्याचे बोट पडद्यावर टेकण्यापूर्वी आपण त्याला थांबवू या. हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत. ते का चुकीचे आहेत, हे कळण्यासाठी झिप फाइलमध्ये काय असते आणि एम्युलेटरला काय हवे असते, हे दोन्ही समजून घेतले पाहिजे.

जुन्या पत्रांतील संपीडन

फाइल दाबून लहान करण्याच्या क्रियेला ‘संपीडन’ म्हणतात. नाव नवे वाटले तरी युक्ती आपल्या घरात फार दिवसांची आहे. आजोबांनी लिहिलेले एखादे जुने पत्र पाहा. पत्त्यावर ‘रा. रा.’ असते, मजकुराच्या आरंभी ‘सा. न. वि. वि.’ असते. ‘रा. रा.’ म्हणजे ‘राजमान्य राजेश्री’ आणि ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. प्रत्येक पत्रात तेच शब्द येणार, हे लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होते. म्हणून चार शब्दांचे काम चार अक्षरांवर भागले. आरतीच्या पुस्तकातही ध्रुवपद एकदाच पूर्ण छापतात आणि पुढे प्रत्येक कडव्यानंतर नुसते ‘ध्रु.’ असते. तारखात्यातही हीच युक्ती होती. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. तार पाठवणारा क्रमांक सांगे आणि घेणाऱ्याच्या हाती पूर्ण वाक्य पडे. भारतातील ही तारसेवा २०१३ साली बंद झाली.

या तिन्ही उदाहरणांत दोन गोष्टी समान आहेत. पहिली, जे पुन्हा पुन्हा येते त्यालाच आखूड खूण मिळते. दुसरी, खुणेचा अर्थ ठाऊक असला तर मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो, त्यातली एक मात्राही गळत नाही. झिप फाइल नेमके हेच करते. अशा संपीडनाला ‘अक्षत संपीडन’ म्हणू. खेळाच्या फाइलला ते अक्षतच हवे, कारण खेळ म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची यादी आहे. त्यातील एक आज्ञा बदलली, तर खेळ बंद पडू शकतो.

मागे जा, एवढे घे

आता यंत्र ही पुनरावृत्ती कशी शोधते ते पाहू. पुढील ओळ घ्या :

भात लावला, भात कापला, भात झोडला

मोजण्यासाठी प्रत्येक अक्षर, स्वल्पविराम व मोकळी जागा एकेक घर समजा. ‘भा’ हे पहिले घर, ‘त’ दुसरे, मोकळी जागा तिसरे, असे मोजत गेलात तर सर्व ओळ २२ घरांची भरेल. आता ती अशी लिहू :

भात लावला, [८ घरे मागे जा, ३ घे] काप [८ घरे मागे जा, ६ घे] झोडला

पहिल्या कंसापाशी आपण नवव्या घरावर आहोत. आठ घरे मागे गेलो की पहिले घर येते. तेथून तीन घरे घेतली की ‘भात’ आणि पुढची मोकळी जागा मिळते. दुसऱ्या कंसापाशी आपण चौदाव्या घरावर आहोत. तेथून आठ मागे म्हणजे सहावे घर. तेथून सहा घरे उचलली की ‘ला’, स्वल्पविराम, मोकळी जागा, ‘भात’ आणि पुन्हा मोकळी जागा एवढे सर्व एकदम मिळते. म्हणजे २२ घरांऐवजी १३ घरे व दोन सूचना पुरल्या. येथे यंत्राने ‘भात’ या शब्दाचा अर्थ मुळीच पाहिला नाही. त्याने फक्त पूर्वी आलेली रांग ओळखली.

ही पद्धत जेकब झिव्ह व अब्राहम लेंपेल या इस्रायलमधील दोन शास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडली. झिप फाइलची रचना फिल कॅट्झ या अमेरिकन तरुणाची, १९८९ सालची. त्याच्या नावाची ‘पी’ व ‘के’ ही दोन इंग्रजी आद्याक्षरे आजही जवळपास प्रत्येक झिप फाइलच्या अगदी आरंभी असतात. पुढे १९९३ मध्ये तिच्यात ‘डिफ्लेट’ नावाची पद्धत आली आणि तीच आज सर्वत्र रूढ आहे. डिफ्लेट जास्तीत जास्त ३२,७६८ बाइट मागे पाहते आणि एका सूचनेत ३ पासून २५८ बाइटपर्यंत उचलते. खेळाच्या फाइलमध्ये रिकामी जागा भरण्यासाठी पुष्कळदा शून्यांच्या लांबच लांब रांगा असतात. तेथे ‘१ मागे जा, २५८ घे’ एवढी सूचना पुरते. मागे फक्त एकच शून्य असले तरी चालते. ते एक उचलले की दुसरे तयार होते, ते उचलले की तिसरे, अशी रांग वाढत जाते.

आपल्या लिपीचीही एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. फोनमध्ये देवनागरी मजकूर बहुधा ज्या पद्धतीने साठवतात, तिच्यात प्रत्येक व्यंजन व प्रत्येक मात्रा तीन तीन बाइट घेते. ‘साखरशेत’ या नावात स, काना, ख, र, श, मात्रा आणि त अशी सात चिन्हे आहेत, म्हणून ते २१ बाइटचे होते. पण प्रत्येक तिकडीतील पहिला बाइट २२४ हाच असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. म्हणजे पुनरावृत्ती भरपूर. म्हणूनच मोठा मराठी मजकूर झिप केला की चांगलाच आटतो.

आखूड खूण कोणाला?

डिफ्लेटची दुसरी पायरी आहे ती डेव्हिड हफमन यांच्या युक्तीची. १९५१ साली हफमन अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत विद्यार्थी होते. परीक्षा द्या किंवा एका प्रश्नावर निबंध लिहा, अशी मुभा त्यांच्या प्राध्यापकांनी वर्गाला दिली होती. हफमन यांनी निबंध निवडला आणि त्यातून जी रीत निघाली ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. वर्गातील स्वाध्याय एवढ्या कामाचा ठरू शकतो, हे ध्यानात ठेवा.

वारली चित्रातील आकारांवर ती रीत करून पाहू. समजा, भिंतीवरील चित्राच्या एका तुकड्यात १६ आकार आहेत : ८ त्रिकोण, ४ वर्तुळे, २ चौकोन आणि २ रेषा. यंत्राला फक्त ० व १ कळतात. या प्रत्येक ० किंवा १ ला ‘बिट’ म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. चार आकारांना दोन दोन बिटांच्या खुणा दिल्या, तर १६ आकारांना ३२ बिट लागतील. हफमन यांच्या रीतीने खुणा अशा मिळतात :

त्रिकोण ०
वर्तुळ १०
चौकोन ११०
रेषा १११

आता बेरीज करा. ८ त्रिकोणांचे ८ बिट, ४ वर्तुळांचे ८, दोन चौकोनांचे ६ आणि दोन रेषांचे ६. एकूण २८ बिट झाले. म्हणजे चार बिट वाचले. खुणा कमीजास्त लांबीच्या असूनही त्यांची सरमिसळ होत नाही, कारण कोणतीही खूण दुसऱ्या खुणेच्या आरंभी येत नाही. ०१००११० ही रांग वाचून पाहा : ० त्रिकोण, १० वर्तुळ, ० त्रिकोण, ११० चौकोन. दुसरे वाचन संभवतच नाही.

आता याच रांगेतील पहिला बिट बिघडला असे समजा. ० च्या जागी १ आला आणि रांग ११००११० अशी झाली. वाचा : ११० चौकोन, ० त्रिकोण, ११० चौकोन. चार आकारांचे तीनच झाले आणि पहिले दोन आकार पार बदलले! एकच बिट बिघडला, पण खुणांच्या सीमाच सरकल्या. साध्या मजकुरात एक अक्षर चुकले तर एक शब्द बिघडतो. संपीडित फाइलमध्ये एका चुकीने पुढचा बराच भाग बिघडू शकतो. आवळून बांधण्याची ही किंमत आहे.

फाइलचा ताळा

मग फाइल बिनचूक उलगडली हे कसे कळावे? तुम्ही गुणाकार केल्यावर नवाचा ताळा पाहता, तसाच येथेही ताळा असतो. झिप करताना यंत्र मूळ फाइलकडे एक अवाढव्य संख्या म्हणून पाहते, तिला एका ठरलेल्या भाजकाने विशेष प्रकारे भागते आणि उरलेली बाकी गाठोड्यात लिहून ठेवते. ही बाकी ३२ बिटांची असते. उलगडून झाल्यावर पुन्हा तोच भागाकार करतात. दोन्ही बाक्या जुळल्या तर फाइल बरोबर, न जुळल्या तर ‘सी.आर.सी.मध्ये चूक’ असा संदेश येतो.

नवाचा ताळा ५४ आणि ४५ यांतील अदलाबदल पकडू शकत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. हा ताळा अशा अदलाबदलीही पकडतो. ३२ बिटांच्या बाक्या ४,२९,४९,६७,२९६ प्रकारच्या असू शकतात. त्यामुळे वेडीवाकडी बिघडलेली फाइल योगायोगाने ताळ्यात बसण्याचा संभव सुमारे ४२९ कोटींत एक एवढाच असतो. मात्र हा ताळा अपघाताने झालेली चूक पकडतो. कोणी मुद्दाम फाइलमध्ये घातक गोष्ट घालून ताळाही नव्याने लिहिला, तर तो फसतो. म्हणून ताळा जुळला म्हणजे फाइल निर्धोक आहे, असे समजू नये.

टेकाडावर रेंज मध्येच गेली आणि फाइल अर्धवट उतरली, तर काय होते? झिप फाइलची अनुक्रमणिका शेवटी असते. शेपूट तुटले की आत काय काय आहे याची यादीच हरवते आणि अॅप ‘फाइल खराब आहे’ असे सांगते. अशा वेळी फोनला किंवा अॅपला दोष न देता प्रथम फाइलचा आकार मूळ ठिकाणी सांगितलेल्या आकाराशी ताडून पाहावा.

फोटो का आटत नाहीत?

आता मुलाच्या दुसऱ्या उपायाकडे वळू. फोटोंची झिप केली तर जागा वाचेल का? जवळजवळ नाहीच. फोनमधील फोटो बहुधा ‘जेपेग’ प्रकारचे असतात. १९९२ साली प्रमाण म्हणून मान्य झालेली ही पद्धत फोटो काढतानाच तो आवळून ठेवते. डोळ्याला फारसे जाणवणार नाहीत असे बारकावे ती टाकूनच देते, आणि शेवटी हफमन यांचीच रीत वापरते. ऊस चरकातून एकदा पिळून निघाला की उरलेल्या चोयट्यातून फारसा रस निघत नाही, तसेच हे आहे.

‘तरीसुद्धा एखादी भारी पद्धत शोधली, तर कोणतीही फाइल लहान करता येईल ना?’ असे कोणी विचारील. याला गणिताने उत्तर देता येते. १० बिटांचे निरनिराळे संदेश किती? २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४. त्यांहून आखूड संदेश किती? रिकामा संदेश १, एका बिटाचे २, दोन बिटांचे ४, असे करत नऊ बिटांचे ५१२. या सर्वांची बेरीज १,०२३ होते. कबुतरे १,०२४ आणि खुराडी १,०२३! प्रत्येकाला वेगळे खुराडे देता येणार नाही. म्हणजे प्रत्येक फाइल लहान करणारी अक्षत पद्धत असूच शकत नाही. जिच्यात पुनरावृत्ती आहे तीच फाइल आटते.

फोटोंविषयी आणखी एक सावधगिरी सांगतो. संदेशाच्या अॅपमधून फोटो नेहमीच्या रीतीने पाठवला, तर पुष्कळदा तो पुन्हा दाबला जातो आणि बारकावे कायमचे जातात. जपून ठेवायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा किंवा सरळ कार्डावर उतरवून घ्यावा.

एम्युलेटर म्हणजे दुभाषी

आता खेळाकडे येऊ. तुमच्या आईवडिलांच्या लहानपणी, १९९० नंतरच्या दशकात, दूरदर्शन संचाला जोडायचा व्हिडिओ गेम शहरांत पुष्कळ घरी आला होता. त्यात जी ‘कॅसेट’ खोचत, तिच्यात फीत नसे. आत एक मुद्रित मंडल आणि त्यावर खेळाच्या आज्ञा कायमच्या कोरलेल्या चिप असत. त्या चिपमधील बाइट जसेच्या तसे वाचून केलेली फाइल म्हणजे ‘रॉम’ फाइल. चकतीवरून तशीच केलेली फाइल म्हणजे ‘इमेज’.

त्या जुन्या यंत्राच्या आज्ञा तुमच्या फोनच्या प्रक्रियकाला कळत नाहीत. त्यांची भाषाच निराळी. एम्युलेटर हा त्यांच्यामधील दुभाषी होय. तो जुनी आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो, जुन्या यंत्रात जे घडले असते ते फोनच्या स्मृतीत घडवतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. सेकंदाला लाखो वेळा हे चालते. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉम या यंत्राचा प्रक्रियक सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके देई. आजच्या फोनचा प्रक्रियक २०० कोटी ठोके देतो असे धरले, तर तो सुमारे अकराशे पट वेगवान झाला. दुभाष्याला जुन्या एका आज्ञेमागे नव्या अनेक आज्ञा खर्चाव्या लागतात, तरीही वेळ पुरतो तो यामुळेच.

सोडावे कोणते, ठेवावे कोणते?

येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. काही खेळ झिपमधूनच चालतात, काही चालत नाहीत. असे का?

कॅसेटचे खेळ लहान असतात. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घ्या. त्याच्या आज्ञा ३२,७६८ बाइट, चित्रे ८,१९२ बाइट आणि फाइलच्या आरंभीची ओळखपट्टी १६ बाइट, मिळून ४०,९७६ बाइट. फोनमधील एखाद्या फोटोहूनही हे लहान! एवढी झिप एम्युलेटर स्वतःच क्षणात स्मृतीत उलगडून घेतो. म्हणून अशी झिप सोडली नाही तरी बहुधा चालते.

चकतीचे खेळ मात्र मोठे. १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या प्लेस्टेशन या यंत्राची मुख्य स्मृती फक्त २ मेगाबाइट होती, आणि चकती सुमारे ६५० मेगाबाइटची. सर्व खेळ एकदम स्मृतीत घेणे अशक्यच. म्हणून यंत्र लागेल तेव्हा चकतीच्या लागेल त्या भागावर उडी मारून तेवढेच वाचे. आपली ‘मागे जा, एवढे घे’ ही सूचना आठवा. मधला एखादा भाग हवा असेल, तर त्याआधीचे सर्व उलगडल्याशिवाय तो मिळत नाही. म्हणून साध्या झिपमध्ये अशी उडी मारता येत नाही, आणि चकतीचा खेळ आधी उलगडून ठेवावा लागतो.

यावर एक तोड आहे. इमेजचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे आवळायचा आणि कोणता तुकडा कोठे आहे याची यादी ठेवायची. मग हवा तो तुकडाच उलगडता येतो. ‘सी-एच-डी’ या प्रकारच्या फाइली अशा असतात आणि अनेक एम्युलेटर त्या न सोडताच वाचतात.

आता काही व्यवहारातील सूचना. झिप उघडण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते, पण ‘आर-ए-आर’ आणि ‘सेव्हन-झेड’ यांच्या बांधण्याच्या रीती निराळ्या असल्याने त्यांना वेगळे अॅप लागू शकते. नावाच्या शेवटची अक्षरे बदलून आतली रीत बदलत नाही. भाग १, भाग २ असे तुकडे असतील तर सर्व एकाच फोल्डरमध्ये ठेवून पहिला भाग उघडावा. उलगडल्यावर ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशा दोन फाइली निघाल्या तर दोन्ही ठेवाव्यात. क्यू ही लहानशी मजकुराची फाइल असून तिच्यात बिनचे नाव लिहिलेले असते. बिनचे नाव बदलले तर क्यूला ती सापडत नाही. याउलट, नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांचे ‘मेम’ हे एम्युलेटर निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली आणले. त्याच्या झिप सोडायच्याही नाहीत आणि त्यांचे नावही बदलायचे नाही, कारण ते नावावरूनच आतील चिपांच्या फाइली शोधते.

खेळाचे गाठोडे सोडताना आतून एखादे अॅप निघाले आणि ते फोनमध्ये बसवायला सांगू लागले, तर तेथेच थांबा. खेळाच्या इमेजला स्वतःचे अॅप लागत नाही.

आता ती बेरीज

मुलाच्या फोनमध्ये ५०० मेगाबाइट मोकळे होते. ४०० ची झिप आल्यावर १०० उरले. ती उलगडल्यावर खेळ ६५० चा होतो, आणि उलगडत असताना झिपही जागेवर असावीच लागते. म्हणजे ५५० कमी पडतात. त्याने ३०० चे फोटो पुसले असते, तर मोकळी जागा ४०० झाली असती. ६५० तरीही मावले नसते. आजीचे फोटो गेले असते आणि खेळही मिळाला नसता!

मग मार्ग कोणता? एखादे स्मृतिकार्ड मिळाले तर प्रथम फोटोंची प्रत कार्डावर घ्यावी आणि दोन-चार फोटो तेथून उघडून पाहावेत. नंतर झिप फोनमध्येच ठेवून उलगडण्याचे ठिकाण कार्ड निवडावे. फोटो ३०० आणि खेळ ६५० मिळून कार्डावर ९५० मेगाबाइट लागतील. ताळा जुळून खेळ सुरू झाला, की मगच झिप पुसावी. फोनमध्ये पुन्हा ५०० मोकळे होतील आणि फोटो आता दोन ठिकाणी असतील.

कार्ड नसेल तर शाळेच्या संगणकावर झिप उलगडून तिची सी-एच-डी फाइल करता येते. ती, समजा, ४२० ची झाली. फोनमधील झिप पुसल्यावर मोकळ्या होणाऱ्या ५०० मध्ये ती मावते. पण आधी झिपची एक प्रत संगणकावर राहू द्या, नाहीतर पुन्हा टेकाड चढावे लागेल. सेकंदाला २ मेगाबिट वेग मिळाला, तर ४०० मेगाबाइट म्हणजे ३,२०० मेगाबिट उतरायला १,६०० सेकंद, सुमारे २७ मिनिटे लागतात.

खेळ ज्याने केला त्याने परवानगी दिली आहे, हे आपण आरंभीच धरले होते. ते महत्त्वाचे आहे. भारतात संगणकाच्या आज्ञावलीला कविता-कादंबरीप्रमाणेच स्वामित्वहक्काचे संरक्षण आहे. खेळ जुना झाला किंवा बाजारातून गेला म्हणून तो हक्क संपत नाही. विनामूल्य दिलेले चांगले खेळ पुष्कळ आहेत, त्यांवर शिकावे.

गाठोडे पुन्हा मिळते, फोटो पुन्हा मिळत नाहीत. फोनमधील काहीही पुसण्यापूर्वी एवढेच स्वतःला विचारावे : हे दुसरीकडे कोठे आहे काय?

स्वाध्याय

१. ‘नागली पेरली, नागली लावली, नागली कापली’ ही ओळ घरे मोजून ‘मागे जा, एवढे घे’ या रीतीने लिहा. किती घरे वाचली?

२. वरील खुणा वापरून १११०१०० ही रांग वाचा. आता तिचा दुसरा बिट बदलून पुन्हा वाचा. काय फरक पडला?

३. एखाद्या धड्याचा मराठी मजकूर व एक फोटो यांच्या वेगवेगळ्या झिप करा. दोहोंचे आधीचे व नंतरचे आकार लिहून घ्या आणि फरकाचे कारण सांगा.

४. ३ बिटांचे एकूण संदेश किती आणि त्यांहून आखूड संदेश किती, ते यादी करून दाखवा.